माळ्यावरची मुडी

"पेंढा तोंडाला लावतात?" येसूबाईनं विळीवरचा फणस तसाच सोडला. "गुरांच्या तोंडाला लावतात, तेवढं माला म्हाईत हाय."

"तसाच नाही गं आजी," दर्शना म्हणाली. "आधी कापायचा, कॉस्टिक सोड्यात उकळायचा, पांढरा करायचा. मग मशीनमध्ये असा दाबून फोडायचा की तंतू डोळ्यांना दिसतच नाहीत. खळीसारखं काहीतरी उरतं. ते क्रीममध्ये जातं, जखमेच्या पट्टीत जातं."

"दिसत न्हाय, आनि त्येचा कारखाना काडलाय."

दर्शना हसली. मुंबईत वाढलेली ही नात वर्षभर मिरजोळ्याच्या एका शेडमध्ये कामाला होती. तिथं येणारा पेंढा मशीननं कापलेला, तुटका, कुजका. सावर्ड्याच्या या घरातला मात्र विळ्यानं कापलेला, लांबसडक. पेंढा उकळायची आपल्या हातची पहिली टाकी आपल्या घरच्या पेंढ्याची व्हावी, एवढंच तिच्या मनात होतं.

"माळ्यावर पडून काय उपयोग? गुरं कुठं आहेत आता?"

हे बोलायला नको होतं. तिचा आजा, बाबाजी, जानेवारीत गेला आणि महिन्याभरात बैल विकले होते.

"ने," येसूबाई उठली. "सगला ने. माल्यावर काडी ठेवू नको." टोपली काखेला मारून ती सड्यावर काजू वेचायला चालती झाली.

टेंपो आला, भरला आणि...

नाही, थांबा. मुडी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. बियाण्याचं भात पेंढ्यात घालून पेंढ्याच्याच दोरानं आवळत आवळत कलिंगडासारखं गोल बांधतात. आत ओल जात नाही, उंदीर जात नाही. बाबाजीची मुडी टाचेनं दाबली तरी दबत नसे. त्याचं भात जुनं, तांबडं, माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच. वाडीतल्या बाकीच्यांनी ते कधीच सोडलं होतं, पिशवीतलं आखूड जातीचं बी आणायचे. मरायच्या आधी त्यानं शेवटची मुडी बांधली, लहानशीच, हातात जोर उरला नव्हता. त्या भाताचं उरलेलं बी तेवढंच, माळ्यावरच्या पेंढ्यात ठेवलेलं. अनोळखी माणसाला तो पेंढ्याचा गठ्ठाच वाटणार.

उन्हं कलल्यावर येसूबाई परतली. मुडी आठवली तशी शिडी चढून वर डोकावली. माळा रिकामा होता. झाडलेलासुद्धा होता. पोरीनं चांगल्या मनानं झाडला होता.

शेजारच्या दमयंतीनं दर्शनाला तीन वेळा फोन लावला. "उचलत न्हाय गो काकी. त्यांना आत फोन नेऊ देत न्हाईत."

सकाळच्या पहिल्या एसटीनं येसूबाई निघाली.

शेडच्या दारात दर्शना आली, केसांवर पांढरी टोपी. "आजी? काय झालं?"

"मुडी कुटं हाय?"

"मुडी म्हणजे?"

येसूबाईनं दोन्ही हातांनी हवेत एक गोल धरला. दर्शना त्या हातांकडे बघत राहिली.

"टेंपो भरणारा म्हणत होता," ती हळू बोलली, "हा गठ्ठा जड लागतोय, दमट असेल. मी म्हटलं, टाक. उकळायचाच आहे."

टाकीच्या काचेतून आत तपकिरी पाणी खदखदताना दिसत होतं.

"हात घालून बगू?"

"भाजेल, आजी."

मग दर्शना गुडघ्यांवर बसली आणि पेंढा कापायच्या कटरच्या खालचं खरडू लागली. तिथं टाकीचं कॉस्टिकचं पाणी सांडलं होतं. मूठभर दाणे निघाले, बुळबुळीत. येसूबाईनं ते पदरात बांधले. घरी आल्यावर सात पाण्यांनी धुतले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवले.

रविवारी दर्शना आली ती बाटली घेऊन. आत पांढुरकं, काचेसारखं काहीतरी होतं. "आपल्या पेंढ्याचं."

येसूबाईनं बोटभर घेऊन मनगटावर चोळलं. कातडी घटकाभर गुळगुळीत दिसली.

"थंड लागतंय," ती म्हणाली. "तुज्या आज्याचा हात गरम असायचा."

"मी शोधते बी, आजी. कुठल्यातरी गावात असेलच."

"असंल. बांधनार कोन?"

"तू शिकव."

"माला कुटं येतं? मी दोर वलून द्यायची, बांधायचा तो. आनि बाय, बांधशील कशानं? लांब पेंढा तर सगला गेला. आखूड भाताच्या पेंढ्याला दोर येत न्हाय."

येसूबाईनं चुलीजवळचं फडकं पुढं ओढलं. पाचवा दिवस होता. एव्हाना मोड बोटाच्या पेराएवढे यायला हवे होते. तिनं घडी उलगडली. दाणे फुगले होते, पांढरे पडले होते. एकालाही कोंब नव्हता. ती एकेक दाणा बोटानं उलटा करून बघत गेली, शेवटच्यापर्यंत.

मग तिनं फडकं होतं तसं पुन्हा गुंडाळलं.

"उद्या बगू," ती म्हणाली.

दर्शना उठली. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तिनं फडक्यावर शिंपडलं.