दिव्यानीचा दम

देवराव रामटेके यांनी शिट्टी फुंकली आणि हात वर केला.

"दम तुटला. बाद!"

जिवतीकडच्या आश्रमशाळेची दिव्यानी दोघींना शिवून परत निघाली होती. मधली रेषा हातभर राहिली असताना ती जागीच थांबली. अंतिम सामना, गुण बरोबरीत, शेवटची चढाई. देवराव सरांनी दिलं म्हणजे दिलं, हे शाळा-कॉलेजच्या मैदानांवर सगळ्यांना ठाऊक होतं. दिव्यानीने मान खाली घातली. एका गुणाने बल्लारपूरच्या मुली जिंकल्या आणि विभागीय सामन्यांना नागपूरला निघाल्या.

पंच म्हणून देवरावांचा हा शेवटचा सामना होता. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. ते पाणी प्यायला पिंपाकडे गेले, तर तिथे दिव्यानी उभी. छातीवर हात ठेवलेला, डोळे मिटलेले, ओठ भराभर हलत होते. शेजारी सहपंच नानाजी कौतुकाने बघत होता.

"कबड्डी म्हणून राह्यली, भाऊ. कुठी तुटला ते पाहून राह्यली. दम पाहा पोरीचा, संपतच नाई!"

नानाजीचा शब्द न् शब्द देवरावांना ऐकू आला. दिव्यानीचा एकही नाही.

पेला तोंडाशी तसाच राहिला. घरी नातीचं बोलणं कळेनासं झालं होतं, तेव्हा पत्नी अंजनाबाईंनी डॉक्टरकडे चला म्हणून धोशा लावला होता. एवढं वर्ष निघू दे, मग पाहू, असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती. मैदान सोडवत नव्हतं, एवढंच. आता त्यांना स्वतःची शरम वाटली.

"नानाजी, मघा तुले आयकू येत होता हिचा दम?"

नानाजी चपलेने माती उकरू लागला.

"येत होता, भाऊ."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तुमी शिट्टी मारली. मले वाटलं, माह्याच कानाची चूक असन."

सामना संपल्यावर निकाल फिरत नाही, हे देवरावांनीच आजवर कितीतरी शिक्षकांना दरडावून सांगितलं होतं. बल्लारपूरची गाडी केव्हाच फाटकाबाहेर पडली होती. ते दिव्यानीजवळ गेले.

"बेटा, तुहा दम तुटला नव्हता. मलेच आयकू आला नाई. चूक माही आहे."

दिव्यानी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली, वाकून पाया पडली, काहीतरी बोलली आणि आपल्या मुलींकडे पळाली.

"काय म्हणे?" देवरावांनी विचारलं.

नानाजीने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

"म्हणे, सर माहं मन राखून राह्यले. पुढच्या साली दम अजून वाढवतो म्हणे."