कपांचे पाट

“डुलतोय बघ. चहा पितोय का होडीत बसलोय, काही कळत नाही.”

मुलगा हे बायकोच्या कानाशी पुटपुटला, पण टेबल एवढंसं होतं की समोर बसलेल्या आईलाही ऐकू गेलं. त्याच्या कपाखाली लाकडाचा चौकोनी कोस्टर होता, त्याच सकाळी तयार झालेला. कपाला हात लावला की तो एका कोपऱ्यावर टेकायचा, सोडला की दुसऱ्या.

“लाकूड आहे ते. बसतं एका रात्रीत,” आई म्हणाली.

“हो ना, आई. आपल्या घरात लाकूडसुद्धा रात्रीत शहाणं होतं,” सून म्हणाली आणि आपल्या कपात बघून हसली.

बाल्कनीत बाबा, म्हणजे सगळ्यांचे मिस्त्री, भुसा झाडत होते. त्यांना ऐकू जाण्याचा प्रश्न नव्हता. अडतीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात करवतीच्या यंत्राशेजारी उभं राहून त्यांचे कान अर्धे तिथेच राहिले होते. उरलेले अर्धे ते सोयीनं वापरत.

हे कोस्टरचं प्रकरण टेबलामुळंच सुरू झालं. मुलानं हौसेनं नवं टेबल आणलं आणि आठवड्यात त्यावर गरम कपाचं पांढरं वर्तुळ उमटलं. “भुसा दाबून केलेलं टेबल. याला लाकूड म्हणायचं तर मला महाराज म्हणा,” असं म्हणून मिस्त्रींनी पलंगाखालचं पोतं ओढलं. जुन्या खिडक्यांच्या चौकटी, मोडक्या खणांच्या बाजू, खोक्यांच्या पट्ट्या, असं जन्मभर ‘कधीतरी लागेल’ म्हणून जमवलेलं सगळं त्यात होतं. दोन तुकडे शेजारी शेजारी गोंदानं जोडायचे, चौकोन कापायचा, वरून-खालून रंधा मारायचा, तेल लावायचं. आई त्यांना कपांचे पाट म्हणायची. “माणसं खुर्चीवर आणि कप पाटावर. चांगलं चाललंय.”

मिस्त्रींचा एक नियम होता. केलेलं काम त्याच दिवशी तपासायचं नाही. लाकडाला एक रात्र द्यावी, मग त्याच्याबद्दल बोलावं. (बायकोच्या बाबतीतही हा नियम पाळला असता तर संसार आणखी गोड झाला असता, असं आईचं मत होतं.) दुसऱ्या सकाळी ते पाट एका जाड काचेवर ठेवत आणि चारी कोपरे बोटानं दाबत. टक वाजलं, तर बूड वाकडं.

टक कधी वाजलं नाही. कारण संध्याकाळी ते फिरायला गेले की आई स्वयंपाकघराच्या फरशीवर पॉलिशपेपर पसरायची आणि पाटाचं बूड त्यावर घासायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मिस्त्रींच्या घरात इतकी वर्षं काढूनही तिनं रंध्याला हात लावला नव्हता. पण पातेल्याचं बूड घासायला कुणी शिकवावं लागतं का? तशीच ती घासायची, गोल गोल, अंग मोडून. पहिल्या पाटाला दीड तास गेला आणि भात करपला. नवव्यापर्यंत ती पंधरा मिनिटांवर आली.

घरात अशा गोष्टी आपोआप जमून आल्या होत्या. मिस्त्रींचा कप अर्धाच भरला जायचा. त्यांच्या सदऱ्याची बटणं आई जाता जाता लावून द्यायची, जणू तिलाच घाई असावी. वाढदिवसाला सुनेनं बिनबटणांचे तीन टी-शर्ट आणले होते. “तरुण दिसता, बाबा,” ती म्हणाली होती. का, ते कुणी कुणाला विचारलं नाही.

कपाटामागं जुन्या चादरीत गुंडाळलेल्या चार फळ्या होत्या. एका पाडलेल्या घराच्या दारांतून निघालेलं लाकूड, अकरा वर्षं जपलेलं. नातवंडाच्या पाळण्यासाठी. सुनेला सातवा लागला होता आणि त्या फळ्यांचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. मुलानं आणि सुनेनं दुकानातला तयार पाळणा पसंत करून आणलाही होता. खोकं तिच्या माहेरी ठेवलं होतं. मिस्त्रींना सांगायचं कुणी, यावर घरात एकमत होतं: दुसऱ्यानं.

पुढच्या रविवारी सकाळी मिस्त्री पाटांची चळत आणि काच घेऊन टेबलाशी आले. सगळे बसले होतेच. त्यांनी एकेक पाट काचेवर ठेवला, कोपरे दाबले. बाराव्यापर्यंत काच गप्प राहिली.

“बारा,” ते म्हणाले. “मनाशी ठरवलं होतं. ओळीनं बारा नीट बसले, तरच त्या फळ्यांना करवत लावायची. पोराला झोपवायचंय त्यात. हाताचा भरवसा नसताना नाही लावायची.” मग मुलाकडं वळून, “काढ बाहेर.”

आईच्या हातातली किटली अधांतरी राहिली.

“आज?” मुलगा म्हणाला. “आज रविवार. आराम करा की.”

“पाच वर्षं आरामच करतोय.”

“बाबा, अजून दोन महिने आहेत,” सून म्हणाली. “घाई काय एवढी?”

“पॉलिशचा वास जायला महिना लागतो. ‘तू फक्त वेळेवर ये,’ म्हणावं बाळाला.”

मुलानं आईकडं पाहिलं. आईनं किटली खाली ठेवली. फळ्या आल्या. चादर सोडली तसा खोलीत बंद कपाटासारखा, थोडा गोडसर वास पसरला. मिस्त्रींनी पहिली फळी टेबलावर आडवी टाकली, तिच्यावरून एकदा तळवा फिरवला, रेघ सरळ यावी म्हणून काटकोनी गुण्या लावला आणि पेन्सिलीनं रेघ मारली. गुण्या लावूनही रेघ मध्येच वळली.

“बोथट झालीय पेन्सिल,” ते म्हणाले.

“हो, बोथटच असणार,” मुलगा लगेच म्हणाला. “द्या, टोक करून देतो.”

“राहू दे. अंदाज आहे मला.” त्यांनी करवत उचलली.

तेव्हा आई उठली. चळतीतला वरचा पाट तिनं घेतला आणि फळीवर, बरोबर त्या रेघेवर, पालथा ठेवला.

मिस्त्रींनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग पाटाकडं. पाट उचलून ते खिडकीपाशी गेले. लाकडाच्या रेषा उभ्या होत्या. त्यांवर बारीक ओरखडे होते, वर्तुळात वर्तुळं. त्यांनी अंगठ्याचं नख फिरवून बघितलं. ते स्वतः कधी रेषेच्या आडवं घासत नसत, गोल तर नाहीच. परत येऊन त्यांनी दुसरा पाट पालथा केला. तिसरा. मग थांबले.

“गोल घासलेत.”

“हो,” आई म्हणाली.

“सगळे?”

“बाराच्या बारा.”

“कुणी?”

“मी.”

सुनेनं नवऱ्याचं मनगट धरलं. मुलगा फरशीकडं बघत होता. मिस्त्रींनी करवत खाली ठेवली, दाते स्वतःकडं करून, नेहमी ठेवत तशी. कारखान्यात कुणाचं काम बिघडलं की ते ओरडत नसत. समोर उभं करून फक्त “का?” विचारायचे, आणि त्यानं आपल्या तोंडानं कारण सांगेपर्यंत विचारत राहायचे. बिघाड त्यांना आधीच दिसलेला असायचा.

“का?” त्यांनी विचारलं.

“जाऊ दे ना, आई,” मुलगा म्हणाला. “बाबा, चहा गार होतोय.”

“का घासलेस?”

आईनं तळहातावर चिकटलेला भुसा दुसऱ्या हातानं झाडला.

“अहो, तुमचा हात थरथरतो,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली.”