‘दिवेलागण’च्या टेबलावरची मोराची चादर

मी एक जुनी मोराची चादर. सोलापूरची, हे वेगळं सांगायला नको. माझ्या अंगावर दोन मोर समोरासमोर तोंडं करून कितीतरी वर्षं उभे आहेत आणि अजून एकमेकांशी एक शब्दही बोललेले नाहीत. एका बाजूने बघाल तर मोर निळे आणि जमीन तांबडी. दुसऱ्या बाजूने मोर तांबडे आणि जमीन निळी. त्यामुळे माझी सुलटी बाजू कोणती, यावरून भल्याभल्यांत वाद होतात. मित्रांनो, मला विचाराल तर मला उलटी बाजूच नाही.

माझा जन्म शहराच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमागावर झाला. माग चालवणारे मामा तेलुगूत गाणं गुणगुणायचे. ते गाणं मागाच्या खडखडाटात त्यांना स्वतःलाही ऐकू येत नसावं, पण माझ्यात विणलं गेलं. भोकं पाडलेले नक्षीचे पत्ते वर फिरत होते आणि खाली मोराचं एकेक पीस माझ्या अंगावर उमटत होतं. एवढ्या गोंगाटात जन्मले म्हणून असेल, आवाजाची मला कधी भीती वाटली नाही. आवाज आला की मी तो पोटात घालते आणि गप्प बसते. ही आपली एक सवय, एवढंच मला वाटायचं.

मला पंचाक्षरीकाकांनी विकत घेतलं. काकांचं केबलवर एक छोटं बातमीपत्र होतं, ‘दिवेलागण’. रोज संध्याकाळी सातला लागायचं. बातम्या वाचायला टेबल पाहिजे होतं, आणि काकांच्या त्या टेबलाचं गुपित असं की ते टेबलच नव्हतं. शाळेतून आणलेले दोन बाक एकमेकांना सुतळीने बांधले होते. ती सुतळी दिसू नये म्हणून मला वरून पार जमिनीपर्यंत सोडलं. खाली एक जाड सतरंजी अंथरली. झाला स्टुडिओ!

त्या टेबलामागे सिद्धेश्वरी बसायच्या. सगळं शहर त्यांना सिद्धाक्का म्हणतं. पहिल्या दिवशी त्या एवढ्या घाबरल्या होत्या की त्यांनी माझा काठ मुठीत धरून ठेवला. पुढे भीती गेली, पण काठ धरायची सवय काही गेली नाही. पुढून मी आणि माझे मोर, वरून इस्त्रीची साडी आणि गंभीर चेहरा. माझ्या पलीकडे, म्हणजे लोकांना न दिसणाऱ्या बाजूला, अक्कांचा डबा, काढून ठेवलेल्या चपला, पाण्याची बाटली, आणि एका उन्हाळ्यात तर मांजर आणि पिल्लंसुद्धा होती. नगरपालिकेच्या, चुकले, महानगरपालिकेच्या बातमीत एक पिल्लू “म्याव” म्हणालं, तेव्हा मी ते म्याव चटकन पोटात घातलं. कुणाला कळलं नाही.

लोक अक्कांच्या सगळ्या बातम्या ऐकत, पण कान टवकारत ते एकाच बातमीला. उद्या नळाला पाणी कुठल्या भागात येणार? आमच्याकडे पाणी रोज येत नाही, पाळीने येतं. अक्का ती बातमी सावकाश वाचायच्या, एकेक पेठ, एकेक नगर. तेवढा वेळ गावातल्या घागरीसुद्धा गप्प बसत असाव्यात.

मुलाखतीला आलेले पाहुणे सत्काराचा टॉवेल-टोपी घेऊन उठताना मला हळूच चिमटीत धरून बघायचे. “चादर कुठली ओ? जाड हाय की!” मी फुगून अजून जाड व्हायची.

मग काका थकले आणि दुधनीला शेतावर राहायला गेले. त्यांचा मुलगा दिग्विजय पुण्याहून शिकून आला. चांगला पोरगा. लहानपणी तो माझ्याआडच लपायचा. अक्का त्याला घरी दिगू म्हणतात आणि स्टुडिओत दिग्विजयसर. कधीकधी गडबडीत दिगूसरही म्हणतात.

“अक्का,” तो एक दिवस म्हणाला, “लोक फोनवर बातम्या बघायला लागलेत. आपण असेच जुने दिसलो तर आपल्याला कोण बघणार? ‘दिवेलागण’ बंद पडेल हो एक दिवस.”

खरं होतं ते. त्याने जीव ओतून नवं रूप आणलं. काचेचं टेबल, मागे भिंतभर मोठा पडदा, निळे दिवे, खाली चकचकीत फरशी. सुतळीचे बाक गेले, सतरंजी गेली, मी गेले. माझी घडी करून मला दारामागे ठेवलं. एवढ्या वर्षांनंतर मला कुणी निरोपाचं काही बोलेल असं वाटलं होतं.  बोलला तो फक्त सुतार, “ही बाजूला घ्या, पायात येतीय.”

अक्कांनी मला पिशवीत घातलं आणि घरी नेलं. त्यांच्या सासूबाईंच्या, मल्लव्वांच्या खाटेवर मला अंथरलं.

नव्या रूपाचा पहिला दिवस मी त्या खाटेवरूनच बघितला. वर मल्लव्वा बसलेल्या, शेजारच्या अंबुबाई पायाशी. अंबुबाई सांगोल्याकडच्या, घरात शेरडं-मेंढरं, बोलणं मोकळं.

“अगं बया! केवडा उजेड!” अंबुबाई म्हणाल्या. “लग्नाच्या हॉलात बसल्यावानी दिसतंय की.”

“साडी लई उठून दिसती,” मल्लव्वांनी मान डोलवली. सुनेचं कौतुक त्या एवढंच करतात.

मग अक्का “नमस्कार” म्हणाल्या. तो नमस्कार समोरच्या भिंतीवर गेला, आदळला आणि परत आला. पाठोपाठ दुसरा शब्द, त्याच्या अंगावर तिसरा. प्रत्येक शब्दामागे त्याचं एक भूत फिरत होतं.

“ही हौदात बसून बोलायलीय का?” मल्लव्वा म्हणाल्या.

शेवटी पाण्याची बातमी आली आणि गेली. अंबुबाई उठून उभ्या राहिल्या. “आपल्याकडं उद्या येतंय का परवा? आं? काय कळलंच न्हाय की!”

दिग्विजयने पडद्यावर नंबर दिला होता, ‘नवं रूप कसं वाटलं, जरूर कळवा’. सोलापूरकरांना मत विचारावं लागत नाही, पण विचारलंच आहे म्हटल्यावर फोन तापला. रूप सगळ्यांना आवडलं होतं. आवाज कुणालाच नाही. दिग्विजयने माइक बदलला, तारा बदलल्या, तरी हौद तिथेच. आणि मग लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं की अक्कांचा घसा बसलाय.

मित्रांनो, एकदा घसा म्हटलं की प्रत्येकाकडे औषध असतं. कुणी ज्येष्ठमध पाठवला, कुणी सुंठ. अकलूजहून बाटलीभर मध आला. अंबुबाई शेळीचं दूध हळद घालून घेऊन यायच्या आणि अक्का ते संपवेपर्यंत समोर बसायच्या. मल्लव्वांनी तर फर्मानच काढलं, घरात बोलायचं नाही. सगळा आवाज स्टुडिओसाठी राखून ठेवायचा.

अक्का खुणेने बोलू लागल्या. खुणेने भाजी मागायच्या, खुणेने रिक्षावाल्याशी भांडायच्या. आम्ही हसायचो. पण संध्याकाळी निघताना त्यांचा हात आपोआप माझा काठ शोधायचा आणि घट्ट धरायचा, तेव्हा मला हसू यायचं नाही. त्यांना वाटू लागलं होतं की आवाज खरंच म्हातारा झाला. आणि त्यांच्याजवळ दुसरं काय होतं? काकांनी त्यांना निवडलं होतं ते आवाजासाठीच.

एका रविवारी दुपारी दिग्विजय घरी आला. खुर्चीच्या अगदी टोकाला बसला. वाईट बातमी आणलेली माणसं तशीच बसतात.

“अक्का, पुण्याहून एक मुलगी बोलावलीय. सुकन्या. उद्यापासून ती वाचेल. तुमचा घसा बरा होईपर्यंतच हं.”

अक्कांनी खुणेने विचारलं, आणि नाही झाला तर?

दिग्विजय चहाच्या कपात बघत बसला.

मल्लव्वांना खुणा कळत नाहीत आणि शांतता सहन होत नाही. “ह्यो एवडा आलाय आन दोघं गप्प काय बसलाय? लोकं काय म्हणायलेत ते तरी वाचून दावा. ए सिद्धी, आता बोल बाई तोंडानं. उद्यापासनं काय आवाज राखून ठेवायचाय?”

लागलं ते अक्कांना. पण त्यांनी दिग्विजयच्या हातातून फोन घेतला, खाटेवर माझ्या मधोमध बसल्या, पदर नीट केला, पाठ सरळ केली. एवढ्या वर्षांची सवय! प्रेक्षकांची मतं वाचायची तर ती बातम्यांसारखीच वाचायची.

“नमस्कार. दुधनीहून शंकरप्पा म्हणतात, रंग झकास आहे, पण बातम्या ऐकताना विहिरीत वाकून बघतोय असं वाटतं. मोडनिंबहून हॉटेलवाले रावजी लिहितात, गिऱ्हाईक आवाज मोठा करा म्हणतं, केला की बंद करा म्हणतं, आणि दोन्ही वेळा चहा अर्धाच पितं. कॉलेजच्या प्रियंका म्हणतात, लुक एकदम भारी, पण अक्कांना सर्दी झाली आहे का? मायाप्पा म्हणतात, टीव्ही लावला की माझी शेरडं दाराबाहेर जाऊन उभी राहतात...”

“माजीबी!” अंबुबाई दारातून ओरडल्या. त्या कधी आल्या होत्या कुणास ठाऊक.

“होदु, होदु,” मल्लव्वा हसता हसता खोकल्या. कन्नडातलं ‘हो’ त्यांना हसताना सापडतं.

दिग्विजय मात्र हसत नव्हता. त्याचा कप ओठांपाशीच थांबला होता.

“अक्का, परत वाचा.”

“कुठलं? शेरडांचं?”

“कुठलंही वाचा.”

अक्कांनी वाचलं. तोच आवाज, स्वच्छ, एकेक शब्द आपापल्या जागी बसलेला. भूतबीत काही नाही.

“तुमचा घसा बरा झाला?”

“तो कधी बिघडला होता तेच मला माहीत नाही, दिगू. सगळे म्हणाले म्हणून मीही म्हणाले.”

दिग्विजय उठला. त्याने त्या खोलीत टाळी वाजवली. टप्, एवढाच आवाज आला आणि विरला. मग तो तसाच बाहेर गेला आणि नवी फरशी घातलेल्या रिकाम्या जिन्यात टाळी वाजवली. तिथे एका टाळीच्या चार झाल्या. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, “कोण हाय रे?”

तो परत आला आणि अक्कांकडे नाही, माझ्याकडे बघू लागला. “ही... ही आपल्या टेबलावरची ना?”

मित्रांनो, माझे मोर त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांशी बोलतील असं मला वाटलं.

“अव्वा, जरा उठता का?” दिग्विजय मल्लव्वांना म्हणाला.

“मी उटते, पण चादर परत आणून दे. धुऊन!”

रिक्षातून आम्ही तिघं स्टुडिओत गेलो, मी मांडीवर. मला काचेच्या टेबलावर टाकलं आणि अक्का “नमस्कार” म्हणाल्या. नमस्कार भिंतीकडे निघाला आणि बराचसा माझ्यात शिरला. किती दिवसांनी! मला माहीतच नव्हतं की मी इतकी वर्षं हेच करत होते. सुतळी झाकणं हे माझं काम, असं सगळे समजत होते. मीसुद्धा.

पण दिग्विजयचा चेहरा पडला. “काच झाकली गेली. लोकांना हेच तर आवडलं होतं. आणि हौद अजून अर्धा आहेच.”

त्याने अक्कांच्या घरी फोन लावून मल्लव्वांना सांगितलं की उद्याही अक्काच वाचणार, पण हौद अर्धा उरलाय. तिकडे अंबुबाईंनी फोनच ताब्यात घेतला. “अर्धाच राहिला न्हवं? मग आनि चादरी आना की! सोलापुरात ऱ्हाता आन चादरीला रडता?”

दुसऱ्या दिवशी सातला अक्कांनी पाण्याची बातमी वाचून झाल्यावर सांगितलं, “प्रेक्षकहो, तुमच्या मतांचा आम्ही नीट विचार केला. माझा घसा उत्तम आहे. मध पोचला. आता औषध नको, ज्यांच्या घरी जुनी, जाड चादर पडून असेल त्यांनी ती आणून द्यावी. धुऊन.”

लोकांनी आणल्या. मोरांच्या आल्या, हत्तींच्या आल्या, एक देवळाच्या कळसाची आली. अंबुबाईंच्या चादरीला शेरडांचा वास होता, तिला दोनदा धुतलं. सगळ्या कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतींवर टांगल्या आणि हौद आटला. पुण्याची सुकन्याही आली. ती आता सकाळच्या बातम्या वाचते आणि दुपारी अक्कांच्या डब्यातली शेंगाचटणी संपवते.

म्हणजे आता असं आहे. तुम्हाला दिसतं ते काच, दिवे, चकचकीत फरशी. सगळं नवं, आणि छान आहे, मी उगाच नावं ठेवणार नाही. जे दिसत नाही तिकडे आम्ही जुन्या चादरी ओळीने उभ्या आहोत. मी बरोबर कॅमेऱ्यामागे. पूर्वी मी सगळ्या गावाला दिसायची आणि अक्कांना फक्त माझा काठ दिसायचा. आता मी गावाला दिसत नाही, अक्कांना मात्र अख्खी दिसते. वाचताना त्या तुमच्याकडे बघतात असं तुम्हाला वाटतं ना? त्या माझ्या मोरांकडे बघत असतात.

मित्रांनो, घराला, शाळेला नवं रूप जरूर द्या. नवं कुणाला आवडत नाही? फक्त जुनं काही उचलून दारामागे ठेवण्याआधी थोडं थांबा. ते तिथे काय करत होतं, हे एकदा बघा. त्याला स्वतःलाही ते माहीत नसेल. आणि आम्हाला वर्षातून दोनतीनदा उन्हात झटका, धूळ आवाजापेक्षा जड असते.

आज संध्याकाळी सातला ‘दिवेलागण’ लावा. अक्का “नमस्कार” म्हणतील आणि तो कुठेही न आदळता थेट तुमच्यापाशी येईल. तेव्हा समजा, मी समोर आहे.