कानाच्या मशीनची जाहिरात

इंटर्नशिपला लागल्यापासून तिच्या पायाला भिंगरी होती. ट्रायपॉड उचल, वायरी गुंडाळ, बोलणाऱ्याच्या कॉलरला माइक अडकव. जाहिरातींचे छोटे व्हिडिओ बनवणारं ते ऑफिस. दिग्दर्शक, कॅमेरामन आणि ती, एवढाच कारभार. तिला दोघंही 'नवी' म्हणत. एडिटर सोडून गेला तेव्हा दिग्दर्शकाने ते कामही तिच्याच गळ्यात टाकलं, आणि तिला ते चांगलं जमायला लागलं.

मग कानाच्या मशीनची जाहिरात आली. दुकानाच्या मालकीणबाईंना खरं गिऱ्हाईक हवं होतं, पढवलेलं नको. नवीच्या मावशीने नुकतंच मशीन घेतलं होतं. नवीने हौसेने तिचं नाव सुचवलं, आणि मावशी ठेवणीतले कपडे घालून हजर झाली.

मशीन लावल्यावर पहिल्यांदा काय ऐकू आलं, असं दिग्दर्शकाने विचारलं. दाराची बेल, भिंतीवरचं घड्याळ, मावशी आठवून आठवून सांगत राहिली. मग जरा थांबली.

"सून ऐकू आली," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात रडत होती. किती दिवस रडत होती कोण जाणे. मी आपली बाहेर बसून तिला हाका मारत असायचे."

एडिट करताना नवीने बेल आणि घड्याळ उडवलं, हे बोलणं अगदी सुरुवातीला घेतलं आणि त्यापुढे मावशीचा नुसता गप्प चेहरा ठेवला. दिग्दर्शकाने तिची पाठ थोपटली. मालकीणबाईंनी तर डोळे पुसले. व्हिडिओ मंजूर झाला; दुसऱ्या दिवशी सगळीकडे टाकायचं ठरलं.

नवीला मात्र चैन पडेना. उगाच जागेवरून उठायची, पाणी प्यायची, परत येऊन तीच क्लिप लावायची. मावशीने संमतीच्या कागदावर सही केली होती. पण रडली होती वहिनी, मावशीची सून, आणि वहिनीला कुणी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी ती लॅपटॉप उचलून मावशीच्या घरी गेली.

वहिनी ओले हात पुसत येऊन बसली. नवीने व्हिडिओ लावला. त्यात आपण छान दिसतो म्हणून मावशी आधी खूश होती; मग तिचं लक्ष सुनेकडे गेलं. वहिनीने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि हे किती लोक बघणार, असं विचारलं. ते सांगता येत नाही, असं नवी म्हणाली. वहिनी सासूकडे वळली.

"मी रडते हे तुम्हाला माहीत होतं, आई. मला एकदाही विचारलं नाहीत. कॅमेऱ्याला सांगितलंत."

मावशीचा हात कानातल्या मशीनकडे गेला, पण तिने ते काढलं नाही. "कसं विचारावं तेच कळेना गं," एवढंच ती म्हणाली.

नवीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तेवढं काढून टाक, असं वहिनीने तिला शांतपणे सांगितलं. आणि आता तू नीघ, आम्हाला बोलायचंय.

ते बोलणं काढायचंय, असं सकाळी तिने सांगितलं तेव्हा दिग्दर्शक तिच्यावर ओरडला नाही. नीट समजावू लागला: सुनेचं नाव नाही, चेहरा नाही, आणि असं बोलणं पुन्हा पुन्हा मिळत नसतं. नवीने त्याला मध्येच थांबवलं.

"रडणं वहिनीचं आहे, सर. मावशीच्या सहीने ते आपल्याला मिळत नाही."

कर तुला हवं ते, पण दुपारच्या आत, असं म्हणून तो उठून गेला. तिने बेल आणि घड्याळ परत जोडलं. व्हिडिओ बेतास बात झाला. आधीचाच बरा होता, असं कुरकुरत मालकीणबाईंनी तो घेतला. पुढच्या चित्रीकरणाला दिग्दर्शकाने नवीला नेलंच नाही. उरलेली इंटर्नशिप तिने सबटायटल टाइप करण्यात काढली. पुढे नोकरीचा विषय त्यानेही काढला नाही आणि तिनेही.

वहिनी का रडत होती, हे नवीला कधीच कळलं नाही. तिनेही विचारलं नाही.

काही दिवसांनी दुसरीकडे काम मिळालं. तिथल्या पहिल्याच चित्रीकरणात एक गृहस्थ बोलता बोलता आपल्या भावाच्या आजारपणाविषयी सांगू लागले. सगळे कान देऊन ऐकत होते. नवीने कॅमेरा थांबवायला सांगितला आणि त्यांच्याकडे भावाचा फोन नंबर मागितला. खोलीतले सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. तरी ती नंबर लिहून घ्यायला पेन शोधू लागली.