रंग जुळत नाही

भावाची बोट ट्रॉलीवरून शेडमध्ये आली, तेव्हा ताई ग्राइंडरची चकती बदलत होती.

"जेटीला घासली गं जरा," भाऊ म्हणाला. "वरवरचंच आहे. तू डाव्या हाताने करशील." आणि उत्तराची वाट न बघता चहाच्या टपरीकडे निघूनही गेला.

ताई या बोटदुरुस्तीच्या यार्डातली फायबरची कारागीर. वडिलांनी हे काम दोन्ही लेकरांना शिकवलं होतं. मुलगा अर्ध्यावर सोडून बोट चालवायला गेला, मुलीने मात्र चिकाटीने धरून ठेवलं. यार्डातले म्हातारेकोतारेसुद्धा तिला ताईच म्हणायचे, कारण ती लहानमोठा न बघता सगळ्यांना सारखीच झापायची.

बाजूचे ओरखडे खरंच वरवरचे होते. फायबरच्या बोटीवर जेलकोटचा चकचकीत थर असतो, दुधावरच्या सायीसारखा. ओरखडा त्या सायीतच असला तर भरायचा, घासायचा, चमकवायचा, की मिटलं. पण ताईला खोड होती. काम कितीही किरकोळ असो, बोटीखाली एकदा सरपटत गेल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. गेली, टॉर्च मारला आणि तिथेच उताणी पडून राहिली.

तळाला तीन ठिकाणी भेगा होत्या. केसासारख्या बारीक, पण एका टिंबातून चहूकडे फुटलेल्या, लहान मूल चांदणी काढतं ना, तशा. याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायला नको होता. खडक बाहेरून लागला तर ठोक्याभोवती गोल वर्तुळं उठतात. चांदणी उठते ती आतून मार बसला की. आणि तिन्ही चांदण्या अगदी शेजारी शेजारी. आता जेटी काही बोटीच्या पोटात शिरून ठोके घालत नाही.

ती वर चढली. सीटखालच्या कप्प्यात दोर नीट गुंडाळून ठेवले होते. तिथेच तिला शंका आली, कारण तिच्या भावाने उभ्या जन्मात कधी दोर गुंडाळून ठेवला नव्हता. तिने ते उपसून बाहेर काढले. खाली फायबर तीन जागी पांढरं पडलं होतं, तुटलं मात्र नव्हतं. शेजारी छोटा नांगर पडला होता आणि त्याच्या टोकाला तोच पांढरा भुगा.

ताईने नांगराचं टोक एका पांढऱ्या जागेवर टेकवून बघितलं, अगदी चपखल बसलं.

पैलवान गेल्यापासून ती ज्याला भीत होती, ते हेच. पैलवान म्हणजे भावाचा जोडीदार. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून पैलवान. हौशी लोकांना मासे धरायला न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, हा दोघांचा धंदा. गेल्या हिवाळ्यात परत येताना एका लाटेने बोट कलंडली आणि पैलवान पाण्यात गेला तो गेलाच. सुकाणू भावाच्या हातात होतं. चौकशी झाली, कुणाचाच दोष नाही असं ठरलं. सगळ्यांनी ते मानलं, एक भाऊ सोडून. तो काही रडला-बिडला नाही. ताईकडे जेवायला यायचा, आमटीला नावं ठेवायचा, भाऊजींची टिंगल करायचा. त्या टिंगलीनेच ताईच्या अंगावर काटा यायचा. धाय मोकलून रडला असता तर ती निर्धास्त झाली असती.

आणि आता हे. भर पाण्यात एकटा बसून स्वतःच्याच बोटीचा तळ फोडायला निघालेला माणूस. तिने दुसरा अर्थ लावून बघितला, नाही असं नाही. नांगर निसटला असेल. तीनदा? एकाच जागी? आणि वर पुन्हा झाकायला दोर?

दुपारी डबा खाताना तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा त्याच यार्डात क्रेन चालवायचा.

"तुला काय, भेगांतही भुतं दिसतात," तो म्हणाला. मग चावायचा थांबला. "अगं, मग सरळ विचार की त्याला."

"आणि हो म्हणाला तर?"

क्रेनवाल्याने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"आणि नाही म्हणून हसला तर? तो हसणारच. मग बोट मागेल, आणि मला ती द्यावी लागेल. नाही बाबा. बोट शेडमध्ये आहे तोवर तो जमिनीवर आहे. ही बोट मी पाण्यात जाऊच देणार नाही."

"कायमची?"

"तुला काही सुचतंय का? मग जेव गुपचूप."

झालं. जी बाई दुसऱ्याच्या कामात इतकुसा खड्डा दिसला तरी त्याचा उद्धार करायची, ती आता स्वतःचं काम जाणूनबुजून बिघडवायला बसली. आधी तिने जेलकोटमध्ये तो कडक करणारा हार्डनर कमी घातला. थर चिकटच राहिला, तो खरवडण्यात काही दिवस गेले. मग तिला रंगाचं निमित्त सापडलं. बोटीचा पांढरा म्हणजे काही डब्यातला पांढरा नव्हे. उन्हाने तो पिवळट होतो, मिठाने करडा होतो. तो जुळवणं ही ताईची खासियत. आता मात्र ती रोज पिवळ्याचा एखादा थेंब जास्त टाकायची आणि रोज ठिगळ उठून दिसायचं.

भाऊ रोज संध्याकाळी यायचा.

"झाली का गं?"

"रंग जुळत नाही रे."

मग तो बोटीशी उकिडवा बसायचा. ठिगळाकडे बघायचा, ताईकडे बघायचा. बराच वेळ बसून राहायचा आणि काही न बोलता उठून जायचा. तो गेला की ताई दारातून त्याच्या पाठीकडे बघत राहायची. कशाला एवढी घाई याला? कुठे जायचंय? ती नवऱ्याला मागोमाग पिटाळायची, आणि नवरा बिचारा टपरीआडून मेहुण्यावर पाळत ठेवत तिसरा चहा घशाखाली ढकलायचा. सकाळी तिचा फोन ठरलेला. काय खाल्लंस, झोप लागली का, गॅस बंद केलास का. भाऊ म्हणायचा, "तू मला फोन करतेस की हजेरी घेतेस?" ती हसायची आणि फोन ठेवून भिंतीला टेकायची.

शेडमध्ये कुणी नसलं की ती बोटीच्या पोटात उतरायची आणि त्या तीन पांढऱ्या जागांवर फायबरचा थर चढवायची. थरावर थर, पुन्हा थर.

"रणगाडा करतेस का?" क्रेनवाल्याने एकदा डोकावून विचारलं.

"हो, करते," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. नवऱ्याने तिच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि पुढचा थर स्वतः लावला, वेडावाकडा. तिने तो तसाच राहू दिला.

असं किती दिवस चालणार? वारा पडला, पाणी शांत झालं, आणि त्या संध्याकाळी भाऊ बसलाच नाही. दारातूनच म्हणाला, "ताई, उद्या सकाळी बोट पाण्यात घालतोय. आहे तशी दे."

ताई बोटीआडून पुढे आली. "उद्या नाही जमायचं. क्रेन बिघडलीय."

नेमकी तेव्हाच भावाच्या पाठीमागून क्रेन गेली. एका भल्यामोठ्या बोटीला पट्ट्यांत लटकवून, घरघरत, डौलात. वर बसलेल्या नवऱ्याने दोघांना हातसुद्धा केला.

एरवी भावाने यावर आठवडाभर थट्टा केली असती. आज तो हसला नाही. आत आला, ठिगळावर हात फिरवला.

"तू रंग मुद्दाम चुकवतेस."

"काहीतरीच काय."

"बाबांनी मलाही शिकवलंय गं थोडं. हार्डनर विसरायला तू काय कालची आहेस?"

ताईने हातातला पॉलिश पेपर चुरगळला. आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "मी खाली जाऊन बघितलं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. कप्पापण बघितला. मला भीती वाटते रे तुझ्यासाठी. उठता-बसता भीती वाटते. तू त्या बोटीत पाऊल टाकशील या विचारानेच माझे हातपाय गळतात."

भावाने बोटीची कड धरली. "पहिल्याच दिवशी बघितलंस?"

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"तू तरी कुठे बोललास? उलट जेटीला घासली म्हणून थाप मारलीस. आणि लपवायचंच होतं, तर माझ्याकडे कशाला आणलीस? पलीकडच्या यार्डात नेली असतीस. उभ्या उभ्या लिंपून दिली असती त्यांनी."

"लिंपून दिली असती, म्हणूनच नाही नेली." भाऊ ठिगळ नखाने खरवडायला लागला. "त्यांना कळलं नसतं ताई. दोर मीच टाकले झाकायला, आणि बोट मीच आणली तुझ्याकडे. दोन्ही मीच केलं. मला सांगताच येईना गं. तोंड उघडलं की विनोदच बाहेर पडतो. म्हटलं, तू खाली जाशील, बघशील आणि विचारशील. रोज येऊन बसायचो. वाटायचं, आज विचारेल. तू रोज रंगाचंच बोललीस."

ताईला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. हा घाईने नव्हता येत. हा इथे, तिच्या समोर, रोज वाट बघत बसायचा, आणि ती थेंब मोजत बसली होती.

"आणि उद्या?" तिने विचारलं.

"आज म्हटलं, नाही विचारत ती. तर राहू दे."

बाहेर क्रेन थांबली. क्रेनवाला हात पुसत आत आला, दोघांचे चेहरे बघून दारातच अडखळला आणि मग एक बादली पालथी घालून त्यावर बसला. ताईने भावाचा हात दोन्ही हातांत धरला. लहानपणी हुडहुडी भरून ताप आला की व्हायचा तसा तो गार होता.

"आता विचारते," ती म्हणाली. "काय झालं होतं रे? मला सगळं सांग."

भाऊ खाली जमिनीवरच बसला, आणि ती त्याच्या शेजारी बसली.

"पैलवानाने हाक मारली होती, ताई," तो म्हणाला. "मी ऐकली होती. आणि बोट वळवली नाही."