एक्स्पर्ट काकांचा जुना ब्राउझर

मी एक जुना ब्राउझर आहे. मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात जे फिकट चित्र पडून आहे ना, तोच मी. आता मला कोणी उघडत नाही.

एके काळी मी सडपातळ होतो. पत्ता टाकायचा अवकाश, की पान हजर! माझ्या मालकांना साऱ्या इमारतीत 'एक्स्पर्ट काका' म्हणतात. ते शेजाऱ्यांना बोलावून मला दाखवत, "बघा, कसा पळतो!" पळत मी होतो, छाती त्यांची फुगत होती.

मग काकांनी माझ्यावर उपचार सुरू केले. एके दिवशी पडद्यावर पट्टी झळकली, 'तुमचा ब्राउझर हळू आहे. वेग वाढवा.' मी मुळीच हळू नव्हतो. पण फुकट दिसलं की काकांचा हात थांबत नाही. त्यांनी 'हो' दाबलं आणि एक एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडलेली पुरवणी, माझ्या मानगुटीवर बसलं. त्याच्या ओझ्याने मी खरंच मंदावलो, म्हणून त्यांनी दुसरं बसवलं. मग तिसरं. रोग परवडला, पण वैद्य आवरा! शिवाय उघडलेलं पान बंद करणं काकांना माहीतच नव्हतं. गेल्या वर्षीचं हवामान, गुडघेदुखीचे व्यायाम, कुठल्याशा पंख्याची माहिती, सगळं माझ्या डोक्यावर उघडंच. "असू दे, लागेल कधीतरी," असं ते म्हणत. लागलं कधीच नाही. आणि मी अडखळलो की शिव्या खाणार बिचारा नेटवाला.

काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. नावाजलेले डॉक्टर महिन्यातून एकदाच गावात येत. त्यांच्याकडे नंबर लावायचा तो नेटवरूनच, आणि जागा हां हां म्हणता भरत. त्या सकाळी काकांनी हॉस्पिटलचं पान उघडलं. मी धापा टाकत होतो. पांढऱ्या पडद्यावर 'थांबा' सांगणारं गोल चिन्ह नुसतं फिरत राहिलं.

"अहो, ती बाकीची पानं बंद करून बघा ना एकदा," काकू म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं!"

पान उघडलं तेव्हा जागा भरल्या होत्या. "म्हातारा झालाय हा," असं म्हणून काकांनी नवा ब्राउझर बसवला. नव्याने अदबीने विचारलं, 'जुन्यातलं सगळं इकडे आणू?' काकांनी 'हो' दाबलं. झालं! माझं सारं ओझं त्या तरण्याबांड पोराच्या डोक्यावर. मी कोपऱ्यातून पोटभर हसलो. अक्कल विकत मिळत नाही हेच खरं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच डॉक्टर, तेच पान. नवाही धापा टाकू लागला. काका नेटवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. काकू शेजारी बसल्या होत्या.

"अहो, ते गोल अजून फिरतंय का?" त्यांनी विचारलं. "मागच्या महिन्यात मला दिसत होतं. आता दिसत नाही."

काकांनी नेटवाल्याचा नाद सोडला. मग ते एकेक पान बंद करू लागले. सगळी एक्स्टेन्शनं काढली. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. हॉस्पिटलचं पान चटकन आलं. काकूंचं नाव टाकताना त्यांनी प्रत्येक अक्षर दोनदा तपासलं. नंबर लागला. तेव्हा मला त्यांची कीव आली, खोटं कशाला सांगू?

ती कीव संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. शेजाऱ्यांना ते सांगत होते, "नवा ब्राउझर बसवला, काम चुटकीसरशी!"

मित्रांनो, यंत्र थकलं म्हणून त्याला हाकलण्याआधी आपण त्याच्या पाठीवर काय काय लादलंय ते बघत जा. नवा आणाल, पण 'हो' दाबणारं बोट तर जुनंच ना!

परवा पुन्हा ती पट्टी झळकली, 'वेग वाढवा.' काकांचं बोट निघालंच होतं. शेजारी काकू बसल्या होत्या, ऑपरेशन होऊन महिना झालेल्या.

"हात मागे घ्या," त्या म्हणाल्या. "मला आता सगळं दिसतंय."