जहाजाच्या चकत्या

चष्मेवाल्याची पोटदुखी तशी जुनी. अकरा वर्षांपूर्वी जुन्या सामानाच्या बाजारात, जमिनीवर अंथरलेल्या एका चादरीवर त्याला एक लाल चकती दिसली. तो वाकतोय न वाकतोय तोच शेजारून एक हात आला आणि चकती उचलून मोकळा झाला. तो हात घड्याळजीचा. पोकर नावाच्या पत्त्यांच्या जुगारात पैशांऐवजी टेबलावर ज्या चकत्या टाकतात ना, त्यांतली ती एक होती, भंगारात निघालेल्या एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या जुगारखान्यातली. "बघा, काय देखणी आहे!" असं म्हणत घड्याळजीने ती चष्मेवाल्याच्या नाकासमोर धरली आणि आपल्या खिशात टाकली. दोस्ती तिथेच जमली. पोटदुखीही तिथलीच.

दोघांनाही पत्ते खेळायची अक्कल शून्य. पण चकत्यांचं वेड असं की दर रविवारी चष्मेवाल्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून दोघं आत बसायचे, चहा मागवायचे आणि एकेक चकती उजेडाला धरून तासन्‌तास बडबडायचे. चष्मेवाला त्याला काट्या म्हणे, तो याला भिंग्या. चष्मेवाल्याकडे चकत्या तिप्पट होत्या, पण सगळ्या आपल्या बऱ्यापैकी. घड्याळजीने मात्र त्या एका जहाजाचा ध्यास घेतला. कुठून कुठून पत्रं पाठवून, दुरुस्तीच्या मजुरीऐवजी चकत्या मागून घेऊन, त्याने आख्खा संच जमवला. सात रंग, दोनशे अकरा नग. प्रत्येकीच्या मधोमध गोल कागदावर छापलेलं इवलंसं जहाज आणि कडेला सोनेरी वर्ख. असा पूर्ण संच दुसरीकडे कुठे असल्याचं दोघांच्याही ऐकिवात नव्हतं. चष्मेवाला तोंडभरून कौतुक करायचा आणि घरी जाऊन उशीवर डोकं आपटायचा.

बरं, एवढ्यावर थांबावं ना माणसाच्या नशिबाने? नाही. चाळिशी उलटल्यावर घड्याळजीचं लग्न झालं, तेही एका हसऱ्या, धडधाकट नर्सशी. चष्मेवाला एकटा तो एकटाच राहिला. वहिनी आल्या आणि चार रविवारांतले दोन गेले. कधी त्यांची सुट्टी असायची, कधी पडदे घ्यायचे असायचे. चष्मेवाला म्हणायचा, "अरे जा जा, संसार आहे तुझा," आणि बोलताना त्याचे दात एकमेकांवर घासायचे.

आणि आता घर! भाड्याच्या एका खोलीत सहा वर्षं काढल्यावर दोघांनी तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा बघून ठेवली होती. बयाणा दिला होता. कर्ज मंजूर होतं. घोडं अडलं होतं ते सुरुवातीला भरायच्या रकमेपाशी, आणि मुदत महिनाअखेरीची. ती चुकली तर जागाही जाणार आणि बयाणाही.

"चकत्या विकतोय," घड्याळजी एका रविवारी म्हणाला. म्हणताना त्याने चहाच्या कपाकडे बघितलं, चष्मेवाल्याकडे नाही. "कापडाचा एक व्यापारी आहे, बाहेरगावचा. आख्खा संच घेतोय. भाव ऐकून मलाच घाम फुटला. तुला आधी विचारलं असतं रे, पण एवढे पैसे तू कुठून आणणार?"

हे वाक्य चष्मेवाल्याला असं झोंबलं की विचारू नका. खरं होतं म्हणूनच झोंबलं. अकरा वर्षं ज्या संचाकडे तो अधाशासारखा बघत आला तो एक परका माणूस पेटीत भरून नेणार, आणि त्याच्या बदल्यात काट्याला घर मिळणार. म्हणजे चकत्याही याच्या, बायकोही याची, घरही याचं. आपल्या वाट्याला काय, तर घरभरणीचा चहा!

"छानच झालं की," तो म्हणाला.

"तू हवास हं त्या वेळी. बुधवारी सकाळी. मला एकट्याला नाही जमणार," घड्याळजी म्हणाला आणि त्याने नाक ओढलं.

मंगळवारी दुपारी चष्मेवाला दुकानात भिंग घासत बसला होता. समोर एक बाई तिसऱ्यांदा तीच फ्रेम लावून आरशात बघत होत्या. फोन वाजला. वहिनी.

"भावोजी, कामात आहात का? एकच मिनिट. उद्या तो माणूस येतोय ना, तर यांनी डबा बाहेर काढून ठेवलाय. मी आज पहिल्यांदा नीट बघितल्या त्या चकत्या. केवढ्या मळल्यात हो! कडांना नुसतं काळं जमलंय. मी काय म्हणते, कोमट पाण्यात साबण घालून हलक्या हाताने धुऊन काढू का सगळ्या? यांना सांगितलं नाही, उगाच राहू दे राहू दे करतील. यांना चकित करावं म्हटलं. पण तुम्हाला यातलं कळतं, म्हणून आधी विचारून घेते."

चष्मेवाल्याचा हात थांबला. जुन्या चकत्यांना पाणी म्हणजे विष, हे त्याला आपल्या नावाइतकं पाठ होतं. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस्स. पाणी लागलं की मधला कागद फुगतो, साबण लागला की वर्ख निघतो, आणि जो मळ काढला तोच खरेपणाची खूण असतो. "वहिनी, हात लावू नका," एवढे चार शब्द बोलायचे होते. दोन सेकंदांचं काम होतं.

तो ते चार शब्द बोलला नाही.

"स्वच्छ वस्तू कुणाला आवडत नाही, वहिनी?" तो म्हणाला.

"हो ना! तेच म्हणते मी." वहिनी हसल्या. "बरं, ठेवते. पाणी तापलंय."

बाईंनी फ्रेम घेतली नाहीच. त्या गेल्यावर चष्मेवाला स्वतःशी वकिली करत बसला. मी धुवा म्हणालो का? नाही. जे जगाला माहीत आहे तेच बोललो. पाच मिनिटांनी त्याने फोन हातात घेतला. दोनशे अकरा चकत्या आहेत, आत्ता फार तर पंधरा-वीस भिजल्या असतील. मग वाटलं, त्यांचे हात साबणाचे असतील, उचलायच्या कशा? त्यांना त्रास नको, अशी काळजी करून त्याने फोन खाली ठेवला. इतका विचारी तो अकरा वर्षांत कधी झाला नव्हता. संध्याकाळी दुकान बंद करताना त्याला भूकही चांगली लागली होती.

बुधवारी सकाळी तो नवा शर्ट घालून हजर झाला. कापडाचा व्यापारी आधीच येऊन बसला होता. बारीक चणीचा, अदबशीर माणूस, मांडीवर स्वतःचं भिंग ठेवून. घड्याळजी दुकान उघडून तिथून धावतपळत आला होता. वहिनींनी टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून त्यावर चकत्या ओळीने मांडल्या होत्या, जशी ऑपरेशनची हत्यारं मांडतात तशा, आणि वरून दुसरा टॉवेल झाकला होता.

"थांबा हं," त्या म्हणाल्या, आणि वरचा टॉवेल दूर केला.

चकत्या स्वच्छ होत्या. इतक्या की कुणीही नव्या म्हटल्या असत्या. कडांवर सोन्याचा मागमूस नव्हता. मधले कागद सुकून उचलले गेले होते आणि इवल्या जहाजांना सुरकुत्या पडल्या होत्या. काही जहाजं तर पुसूनच गेली होती.

व्यापाऱ्याने एक चकती उचलून भिंगाखाली धरली. मग दुसरी. मग भिंग खिशात ठेवलं. "धुतल्यात का?" त्याने हळूच विचारलं.

"सगळ्या!" वहिनी उत्साहाने म्हणाल्या. "दोन वेळा."

घड्याळजी खुर्चीत बसला नाही, पडला. चष्मेवाला टेबलाकडे बघत होता आणि त्याला वाटत होतं की आता आपल्याला आनंद होईल. झाला नाही. व्यापारी उठला, फार वाईट वाटतंय म्हणाला, चहा न घेता गेला. जिन्यावरून त्याच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"अगं, कुणाला विचारायचं तरी!" घड्याळजी म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, चकत्यांकडे बघितलं, आणि मग चष्मेवाल्याकडे. नर्सबाई त्या, माणसाच्या तोंडाकडे बघून दुखणं ओळखायची वर्षानुवर्षांची सवय. आत्ताही त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. चष्मेवाल्याने दाराकडे बघितलं. आता बोलणार या.

"कुणाला विचारणार?" वहिनी म्हणाल्या. "मनात आलं, धुतल्या."

तिसऱ्या मजल्यावरची जागा गेली. बयाणाही गेला. शनिवारी वहिनी ड्यूटीवरून परतताना चष्मेवाल्याच्या दुकानात आल्या. चष्म्याचा सैल झालेला स्क्रू आवळून घ्यायचा होता, म्हणाल्या. त्याने मान खाली घालून आवळला. मग न राहवून म्हणाला, "वहिनी, माझा संग्रह विकतो. येईल तेवढे द्या घरात घालून."

"आणि ह्यांनी विचारलं, भिंग्या का देतोय, तर काय सांगू?"

त्याने आवळलेला स्क्रू पुन्हा एकदा आवळला.

"तुम्ही तसं का केलंत ते मला कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज वॉर्डातल्यासारखा कोरडा होता. "घर आज ना उद्या होईल. मी जादा ड्यूट्या घेईन. पण ह्यांना तुमच्याशिवाय मित्र नाही. चकत्या गेल्या, घर गेलं, आता तुम्हीपण गेलात तर हा माणूस रविवारी कुठे जाईल? म्हणून गप्प आहे मी. तुमच्यासाठी नाही. स्क्रूचे किती झाले?"

त्याने पैसे घेतले नाहीत. त्यांनी ते काउंटरवर ठेवले आणि गेल्या. चष्मेवाला संध्याकाळपर्यंत त्याच खुर्चीत बसून होता. लाज वाटत होतीच, खोटं कशाला बोला. पण लाजेच्याही खाली त्याचं जुनं दुखणं शाबूत होतं. एवढं सगळं गिळून गप्प बसणारं माणूस त्या काट्याला मिळालं होतं. आपल्यासाठी असं कोण तोंड मिटून बसेल? कुणीही नाही. चकत्यांचा हेवा करत अकरा वर्षं गेली होती. आता याचा करायचा म्हटला तर उरलेलं आयुष्य पुरणार नव्हतं.

रविवारी शटर अर्धं खाली होतं. घड्याळजी आला, बसला, चहाचा कप हातात धरून राहिला. चकत्यांचा विषय कुणी काढला नाही.

"तिला एक शब्द बोललो नाही मी," शेवटी तो म्हणाला. "भोळेपणाने केलं तिने. मला कळतं रे. पण भिंग्या, तुला म्हणून सांगतो, आतला राग जात नाही. एका शब्दाने विचारायला काय झालं होतं? घरात ती माझ्यासमोरून गेली तरी मी मान फिरवतो. काल तिच्या हातचं जेवण घशाखाली उतरेना. ती ओट्यापाशी उभी राहून रडत होती आणि मी उठलो नाही. कधी असं झालं नव्हतं." त्याने कप खाली ठेवला. "त्यापेक्षा इथेच येत जातो आता. सगळे रविवार."

आणि चष्मेवाल्याला बरं वाटलं.

क्षणभरच, पण अगदी स्पष्ट. उन्हातून आल्यावर गार पाणी प्यावं तसं. सगळे रविवार! ओट्यापाशी रडणाऱ्या बाईचा त्याला त्या क्षणी विसर पडला होता. आणि मग तो स्वतःलाच इतका घाबरला की त्याने टेबलाची कड धरली. संच बुडवला, घर बुडवलं, आता यांचा संसार बुडायला लागला तर आपण त्यातही तहान भागवून घेणार.

"काट्या," तो म्हणाला, "तिने विचारलं होतं."

"कुणाला?"

"मला. मंगळवारी दुपारी फोन केला होता, धुऊ का म्हणून. मला माहीत होतं काय होणार ते. मी नको म्हणालो नाही. मला तुझं बघवत नाही, काट्या. पहिल्या दिवसापासून बघवत नाही."

एवढं बोलून त्याने डोळे मिटले. आता कप फेकून मारेल, कॉलर धरेल, शिव्या घालेल. सगळं चालणार होतं. अकरा वर्षांची शिवी होती, ती त्याच्या हक्काची होती.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्याने डोळे उघडले तर घड्याळजी उभा होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"तिची ड्यूटी आज दोनला सुरू होते," घड्याळजी म्हणाला. "आत्ता निघालो तर सापडेल का रे घरी?"

चष्मेवाला मान हलवून हो म्हणाला. घड्याळजीने वाकून शटरखालून अंग बाहेर काढलं आणि तो पळत सुटला. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, भर रस्त्यात पळत सुटला. चष्मेवाला शटरखाली वाकून त्याचे पाय दिसेनासे होईपर्यंत बघत राहिला. जाताना त्याने एक शिवीसुद्धा दिली नव्हती.